दुसऱ्या दिवशी कापायची भाकर

आमच्या घरात ज्वारीची भाकरी धड थापता येत नाही अशी एकच बाई निपजली, ती मी. माझ्या भाकरीला कडेनं नकाशे निघायचे, आणि अण्णा ताटात ती उलटसुलट करून विचारायचे, "आज कोणता तालुका केलास?" मी म्हणायचे, "किनवट." नांदेड जिल्ह्यात सगळ्यात वेडंवाकडं तेच असणार, असा माझा आपला अंदाज, भूगोलातही मी भाकरीइतकीच हुशार होते. त्या वर्षी मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला दुसऱ्यांदा बसले होते, वाढत होते ती फक्त वजनानं, आणि माझा घरात काही उपयोग नाही हे सगळ्यांनी एकदाचं मान्य करून टाकलं होतं. म्हणून वैशालीताई माहेरी आली तेव्हा तिच्या हाताखाली मलाच देण्यात आलं. दुसरं कोणी तेवढं रिकामं नव्हतं.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. भाकरी गोल, अक्षर गोल, स्वभावही तसाच, कुठं टोक म्हणून नाही. लातूरच्या एका इंजिनिअर मुलाशी तिचं लग्न झालं आणि तो तिला जर्मनीला घेऊन गेला. आमच्या गल्लीतलं तोवर कोणी पुण्याच्या पुढं गेलं नव्हतं, त्यामुळं आई भाजी घेताना भाजीवालीलाही जर्मनीतली थंडी सांगायची. वर्ष-दीड वर्षानं दाजी सुट्टीवर आले, ताईला आमच्या दारात सोडलं, "महिनाभर राहू द्या, मग पाठवा," म्हणाले आणि चहा न घेताच लातूरला आपल्या घरी गेले. ताईनं बॅग उघडली तेव्हा आई आणि मी दोन्ही बाजूंनी वाकून बसलो होतो. चॉकलेटं, सेंट, गेला बाजार एखादा स्वेटर तरी निघेल असं वाटलं. साड्यांच्या खालून निघाल्या राखाडी पिठाच्या कागदी पिशव्या आणि टॉवेलात गुंडाळलेली एक काचेची बरणी. बरणीत चिखलासारखं काहीतरी होतं आणि त्याला बुडबुडे आले होते. आईनं झाकण काढून वास घेतला आणि पदर नाकाला लावला.

"अगं, हे तर आंबलंय की!"

"आंबवलेलंच असतंय ते. खमीर हाय," ताई म्हणाली. मग बॅगेची चेन लावत, आमच्याकडं न बघता, तेवढ्याच आवाजात तिनं सांगितलं, "आई, मी परत जाणार नाही."

आई म्हणाली, "बरं बरं. आधी हातपाय धू."

हे वाक्य ताईनं एकदाच उच्चारलं. आमच्या घरात ते कोणी ऐकलं नाही असं मी म्हणणार नाही, ऐकलं सगळ्यांनी. आईचं म्हणणं, नवीन मुलूख, नवीन माणसं, पोरीला करमत नसंल, होईल हळूहळू. अण्णांचं म्हणणं असं काही नव्हतंच. ते पाटबंधारे खात्यात होते, आणि पाणी आपोआप उताराला लागतं यावर त्यांचा नोकरीपुरता विश्वास होता. का जायचं नाही, हे ताईला कोणी विचारलं नाही. आज हे लिहिताना वाटतं, विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं आणि मग आम्हाला ते माहीत झालं असतं. कदाचित म्हणूनच कोणी विचारलं नसावं.

ताईनं विचारलं ते ओव्हनचं. आईकडं एक गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन होता, दिवाळीच्या नानकटाईपुरता माळ्यावरून खाली येणारा. तो काढला, पुसला, आणि ताईची भाकर सुरू झाली. ती त्याला ब्रेड म्हणायची, पण आईनं पहिल्या दिवसापासून भाकरच म्हटलं. राय म्हणून तिकडं एक धान्य होतं, गव्हाचा काळासावळा, हडकुळा चुलतभाऊ म्हणावा असं. त्याचं पीठ आदल्या संध्याकाळी बरणीतल्या खमिरात कालवून ठेवायचं. दुसऱ्या भांड्यात जवस, तीळ, सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या बिया गरम पाण्यात भिजत घालायच्या. सकाळपर्यंत जवसाचा असा बुळबुळीत चिकटा व्हायचा की आई म्हणायची, "लग्नातली गोंधळलेली पाव्हणीबी एवढी चिकटत न्हाई." मग सगळं एकत्र करायचं, पण मळायचं नाही. हे मला फार आवडलं. मळायचं नाही, थापायचं नाही, गोल करायचं नाही. नुसतं ओल्या हातानं उचलून डब्यात दाबून बसवायचं. अण्णांनी त्यासाठी तेलाचा चौकोनी डबा आडवा कापून, कडा ठोकून आणला होता. आयुष्यात पहिल्यांदा मला जमणारा स्वयंपाक सापडला, आणि तो खायला आमच्या घरात दोनच माणसं होती, मी आणि ताई.

वीज मात्र ताईला ओळखत नव्हती. लोडशेडिंगचं वेळापत्रक पेपरात यायचं, पण वीज काही पेपर वाचत नसे. भाकर मंद आचेवर लई वेळ भाजायची, दीड-दोन तास, आणि मध्येच पंखा थांबायचा, ओव्हन गप्प व्हायचा. पहिल्या तीन भाकरी वरून कडक आणि आत चिखल अशा निघाल्या. ताई चिखल चमच्यानं काढून खायची. मी म्हटलं, "टाक की गं." ती म्हणाली, "टाकायचं नाही." एवढं कडक ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. शेवटी आईच पुढं आली. जळकोटला, तिच्या माहेरी, तिची आई मोठ्या पातेल्यात वाळू तापवून, त्यात डबा ठेवून, झाकणावर निखारे पसरून खारी बिस्किटं करायची म्हणे. आईनं गोदावरीच्या काठावरून वाळू आणवली, चाळली, धुतली, मागच्या अंगणात तीन विटांची चूल मांडली. त्या दिवसाची भाकर आतपर्यंत भाजली. अंगणभर असा वास सुटला, की जळालेला गूळ, ओली माती आणि ताक यांनी मिळून काहीतरी ठरवलं असावं. मी सुरी घेऊन तयार होते.

"आज कापायची नाही," ताई म्हणाली. "उद्या. आत्ता कापली तर चिकट लागते. कापडात बांधून ठेवायची."

आईनं कपाळाला हात लावला. "गरम खायची न्हाई? मग भाजायची कामून? वैशे, हे लोक जेवतात तरी कधी?"

ताई हसली. आल्यापासून पहिल्यांदा हसली असेल. पुढं आठवड्यातून दोनदा अंगणात ती चूल पेटायची, आई आणि ताई दोघी वाळूच्या पातेल्याजवळ बसायच्या, एक निखारे सारखे करायची, एक धुरानं पाणावलेले डोळे कपड्यानं पुसायची. मी पायरीवर पुस्तक उघडून बसायचे आणि बियांचे उरलेले दाणे खायचे. महिना संपला, आणखी एक संपला. लातूरहून फोन येत राहिले. ताई फोनवर "हो," "बरं," "बघू" एवढंच बोलायची आणि जाऊन बरणीत मूठभर पीठ टाकून यायची. जनावराला चारा टाकावा तसं रोज.

आणि इथंच आम्ही ती चूक केली, जी आमच्यासारख्या घरातच होऊ शकते. बाई जे मन लावून रांधते ते ती नवऱ्यासाठी रांधते, याच्यापलीकडं आमच्या डोक्यात दुसरा विचार शिरायला जागाच नव्हती. आईनं एक दिवस शेजारणीला भिंतीवरून सांगितलेलं मी ऐकलं: "तोंडानं म्हणती जाणार न्हाई, पण बघा की, हाताला सुटत न्हाई. नवऱ्याच्या मुलखाची भाकर करती रोज. जीव तिकडंच हाय पोरीचा." ताई तेव्हा नळावर हात धूत होती. तिनंही ते ऐकलं असणार. तिनं नळ बंद केला आणि आत गेली. अण्णांना तर त्यात फारच आशा दिसली. पिशव्यांतलं पीठ संपत आलं तेव्हा त्यांनी ऑफिसातल्या कोणाच्या तरी हैदराबादला असलेल्या मुलाकडून, कुठल्याशा मोठ्या दुकानातून, त्या रायच्या पिठाचं अख्खं पोतडं मागवलं. बसस्टँडवरून ते स्वतःच्या खांद्यावर घेऊन आले. पांढऱ्या शर्टावर राखाडी डाग पाडून घेतलेले अण्णा दारात उभे राहून म्हणाले, "घे. कर किती करायच्या तेवढ्या." इतकं प्रेमानं त्यांनी मला कधी बी.एस्सी.चं पुस्तक आणून दिलं नाही. अर्थात मी ते उघडलं नसतं.

एका रविवारी विहीणबाई आल्या, ताईच्या सासूबाई, आणि सोबत त्यांचे थोरले भाऊ. त्यांना सगळेच मामा म्हणायचे. लग्नाची बोलणीही मामांनीच केली होती. जाड, हसतमुख माणूस, सोफ्यावर बसला की सोफा विचारात पडायचा. गाडीचा रस्ता, ऊन, लातूरचं पाणी असं सगळं झाल्यावर मामा म्हणाले, "तर पाव्हणं, आता वैशालीला पाठवायचं बघा. संदीप तिकडं हातानं करून खाऊन राहिलाय. पोरीचं मन लागत न्हाई का तिकडं? तसं असंल तर तसं सांगा."

अण्णा याच प्रश्नाची वाट बघत होते. ते असे काही खुलले की मला त्यांची आजही कीव येते. "मन लागत न्हाई? थांबा, दाखवतो. रूपा, ती भाकर आण."

मी आणली. वर लोणी, बाजूला शेंगदाण्याची चटणी. मामांनी एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ जबडा हलवला आणि म्हणाले, "पाव्हणं, हिच्यासाठी माझे लहानपणचे दात परत आणावे लागतील." सगळे हसले. मीही हसले, आणि माझं हसणं सगळ्यात मोठं होतं.

"जावईबापूंसाठी शिकलीय ती," अण्णा म्हणाले. "इथं येऊनबी सोडलं न्हाई. अंगणात चूल मांडून करती. आता बोला."

विहीणबाईंनी हातातला तुकडा ताटलीत ठेवला. "संदीप? संदीप हे खातोय म्हणून कोण म्हणालं? अहो, तो तिथंबी वरण-भातच खातो. ह्याचा त्याला वाससुदिक चालत न्हाई. शेजारी एक म्हातारी हाय म्हणं, तिच्या घरातून हाच वास येतो म्हणून खिडक्या लावून बसतो बिचारा. मला फोनवर सांगत असतो की."

अण्णांचं हसू अजून गेलं नव्हतं. ते तसेच ताईकडं वळले. "मग गं वैशे, तू कोणासाठी शिकलीस हे?"

ताई पाण्याचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं तो स्टुलावर ठेवला. "माझ्यासाठी," ती म्हणाली.

"तुझ्यासाठी म्हंजे?"

"ते चिडले की बाहेरून कुलूप लावून जातात. दोन-दोन दिवस येत नाहीत. घरात खायला काही ठेवत नाहीत. त्या म्हातारीची गॅलरी आमच्या गॅलरीला लागून हाय. तिला कळलं. ती ह्या भाकरीचे तुकडे कापडात बांधून झाडूच्या दांड्याला अडकवून इकडं द्यायची. मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी. एकदा कुलूप नव्हतं तेव्हा तिनं मला घरात घेतलं आणि हातानं दाखवलं कसं करायचं. निघताना पीठ दिलं, बरणी दिली."

कृती सांगावी तसं तिनं हे सांगितलं. आधी हे, मग ते. डोळ्यांत पाणीबिणी काही नाही. मामा तोंडातला दुसरा घास चावायचे थांबले, पण तो घास असा होता की न चावता गिळता येईना, म्हणून थोड्या वेळानं त्यांना पुन्हा चावायला लागलं. त्या खोलीत तेवढाच आवाज होता. मला वाटलं, आता अण्णा उठतील. मला खात्रीच होती. अण्णा उठतील, ताटली उचलतील, दार दाखवतील. मी त्यांच्याकडंच बघत होते. अण्णांनी घसा खाकरला.

"रूपा," ते म्हणाले, "चहा टाक."

मी चहा टाकला. स्वयंपाकघरातून सगळं ऐकू येत होतं. विहीणबाई म्हणत होत्या, तापट हाय जरा, मी न्हाई म्हणत न्हाई, पण कामाचा ताण असतो, आणि एक लेकरू झालं की माणूस जागेवर येतो. मामा म्हणत होते, मी बोलतो त्याला, माझ्या शब्दाबाहेर न्हाई तो. मग विहीणबाई मायेनं म्हणाल्या, "आणि तुम्हाला आता धाकटीचंबी बघायचं असंल. घरात एक परत आलेली असली की जड जातं हो." यावर अण्णा काय म्हणतात ते ऐकायला मी गॅस बारीक केला. अण्णांनी मामांना आणखी चटणी हवी का विचारलं. चहा उतू गेला तो बारीक गॅसवरच, हे कौशल्यही माझंच.

पाहुणे गेल्यावर ताई अण्णांसमोर जाऊन उभी राहिली. "अण्णा, मी जळकोटला राहीन. आपल्या मामाच्या शेतावर, आईच्या भावाकडं. इथं नको तर तिथं. कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही."

"मी बोलतो जावईबापूंशी," अण्णा म्हणाले. "दम देतो चांगला."

त्यांनी खरंच फोन लावला. आम्ही तिघी आतल्या दारात उभ्या होतो. "जावईबापू, बरे आहात ना? हां. हां. न्हाई, म्हटलं, जरा सांभाळून घ्या पोरीला." एवढाच दम. मग तिकडची थंडी विचारली आणि फोन ठेवला. तिकीट त्याच आठवड्यातलं निघालं.

ज्या धाकटीसाठी हे झालं तिचं लग्न झालं नाही, हे इथं सांगून टाकलेलं बरं. स्थळं आली. त्यांनी मला बघितलं, मी त्यांना बघितलं, आणि दोन्ही बाजूंनी सुटकेचा श्वास घेतला. मी शिकले, रडतखडत नोकरीला लागले, चाळिशी ओलांडली, आणि आता त्याच घरात आईबरोबर राहते. अण्णा गेले. ते गेले तेव्हा ताई आली होती, चार दिवस राहिली, सगळ्यांना चहा करून देत होती. ती अजून तिकडंच आहे, त्याच माणसाजवळ. रविवारी फोन करते आणि हवा सांगते. पाऊस आहे, बर्फ आहे, चार दिवस ऊन नाही. मी विचारते, "बाकी काय?" ती म्हणते, "बाकी काय नसतंय गं." मग मी नांदेडची हवा सांगते. इथं ऊनच असतं, त्यामुळं आमचा फोन लवकर संपतो.

पण त्या आठवड्यातलं सांगायचं राहिलं. त्या रविवारनंतर ताईनं भाकर केली नाही. बरणी ओट्याच्या कोपऱ्यात होती, तिच्यात पीठही घातलं नाही. आई कोणाशी बोलत नव्हती. अण्णांना ताट वाढायची, पाणी ठेवायची, आणि तिथून निघून जायची. मला वाटायचं, आई काहीतरी करणार. माझी सगळी आशा आता आईवर येऊन बसली होती. माणसाला कुठंतरी ठेवावी लागते. ताई निघायच्या दोन दिवस आधी आईनं मला विचारलं, "ते खमीर मेलं का गं?" मी वास घेऊन म्हटलं, "न्हाई, हाय अजून." आईनं त्यात पीठ घातलं. बिया भिजवल्या. दुसऱ्या दिवशी अंगणात चूल पेटवली आणि वाळू तापवली. ताई मदतीला वाकली तर तिला हातानं बाजूला सारलं, रागानं नाही, नुसतं बाजूला. एकटी बसून तिनं ती भाकर भाजली, काढली, आपल्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात बांधली आणि ठेवून दिली.

निघायच्या सकाळी जीप दाराशी उभी होती, हैदराबादला विमानतळावर जायला. अण्णा बाहेर ड्रायव्हरशी रस्त्याबद्दल बोलत होते, आणि मधूनमधून आत ओरडत होते, "आवरा गं." आईनं ताईची ओटी भरली. मग ओट्यावर त्या लुगड्याच्या तुकड्याची गाठ सोडली, भाकर पाटावर ठेवली आणि सुरी घेतली. ताई शेजारी उभी होती, खांद्याला पर्स, पायांत बूट.

"तिथं नेल्यावर किती दिवस राहील गं हे?" आईनं विचारलं.

तेव्हा मला कळलं की आई काही करणार नाहीये. हेच ती करणार होती.

ताईलाही ते त्याच वेळी कळलं असावं. ती आईच्या हाताकडं बघत राहिली. "कापडात ठेवलं तर राहतं बरेच दिवस," ती म्हणाली. "कपाटात साड्यांच्या खाली ठेवीन मी. तिथं ते बघत नाहीत."

आईनं मान हलवली आणि सुरी लावली.

"जाड नको, आई. पातळ काप. म्हणजे पुरतं."

बाहेर अण्णांनी पुन्हा हाक मारली. आईनं सुरी उचलली, कडेच्या अजून जवळ आणली, आणि पातळ कापायला लागली.